फळ्यावरच्या चार ओळी

मराठीत सर्वांत नियमितपणे वाचले जाणारे वाङ्मय कोणते, असा प्रश्न कोणी केला तर कादंबरी, कविता किंवा वृत्तपत्रातील अग्रलेख अशी उत्तरे सुचतील. माझ्या मते खरे उत्तर निराळे आहे. सातारा-सांगलीकडील कोणत्याही शाळेच्या आवारात सकाळी परिपाठाच्या वेळी उभे राहिले की ते कानी पडते. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा आणि प्रार्थना झाल्यावर एक विद्यार्थी पुढे येऊन सुविचार वाचतो, दुसरा दिनविशेष सांगतो, तिसरी विद्यार्थिनी एखाद्या शब्दाचा किंवा म्हणीचा अर्थ देते आणि चौथी सामान्यज्ञानाचे दोन प्रश्न विचारते. हाच मजकूर खडूने सुवाच्य अक्षरांत फळ्यावर लिहिलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो पुसला जातो आणि त्या जागी नवा येतो. वर्षाकाठी दोनशेहून अधिक दिवस, बालपणाची सात-आठ वर्षे हे वाङ्मय मुलांच्या कानांवर पडत राहते. एवढा श्रोतृवर्ग आमच्या कोणत्याही कवीला लाभलेला नाही.

असे असूनही आमच्या समीक्षेने या प्रकाराकडे कधी पाहिलेले नाही. तो फार लहान आहे, निनावी आहे आणि त्याच दिवशी पुसला जाणारा आहे, ही कारणे असावीत. परंतु ज्या मजकुरातून मुलाला इतिहास म्हणजे काय, भाषा म्हणजे काय आणि एखादी गोष्ट खरी आहे म्हणजे काय याची पहिली कल्पना येते, त्या मजकुराची चिकित्सा करणे हे समीक्षेचे कर्तव्यच ठरते. प्रस्तुत लेखात मी ती करू इच्छितो. माझे म्हणणे आरंभीच सांगतो. या ओळी आखूड आहेत हा त्यांचा दोष नाही. त्या कोणी, कशावरून लिहिल्या हे त्यांच्यासोबत येत नाही, हा त्यांचा दोष आहे. आणि तो दूर करता येण्याजोगा आहे.

या वाङ्मयाचे कूळ हलके नाही, हे प्रथम मान्य केले पाहिजे. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० मध्ये 'दिग्दर्शन' हे मासिक काढले ते भूगोल, इतिहास, सृष्टिविज्ञान अशा विषयांची ओळख मराठी वाचकाला करून द्यावी म्हणून. १८४२ मध्ये अहमदनगरहून अमेरिकन मिशनऱ्यांनी सुरू केलेल्या 'ज्ञानोदया'ने धर्मचर्चेबरोबर सामान्य ज्ञानालाही जागा दिली. १८६७ ते १९३७ अशी सत्तर वर्षे चाललेल्या 'विविधज्ञानविस्तारा'चे नावच या वृत्तीचे द्योतक आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश सिद्धीस नेला. पुढे सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. १९७३ पासून घरोघरी भिंतीवर आलेल्या 'कालनिर्णय'ने तारखेच्या पानामागे वाचनीय मजकूर देण्याची सवय सर्वांना लावली. फळ्यावरच्या चार ओळी या मोठ्या घराण्यातील शेंडेफळ आहेत. शेंडेफळाचे लाड होतात आणि शिस्त राहून जाते, तसे काहीसे त्यांचे झाले आहे.

या ओळींची भाषा पाहण्यासारखी आहे. 'आजच्या दिवशी' हा त्यांचा आरंभ, 'जन्म', 'मृत्यू', 'स्थापना', 'पहिला', 'सर्वांत मोठा' ही त्यांची ठेवणीतली नामे. क्रियापद जवळजवळ नसतेच. क्रियापद नाही म्हणून कर्ता नाही, कर्ता नाही म्हणून हेतू नाही आणि हेतू नाही म्हणून परिणामही नाही. घटना घडली असे कळते. ती कोणी, का आणि कोणाच्या विरोधाला न जुमानता घडवली हे कळत नाही. ४ ऑक्टोबरचे उदाहरण घेऊ. या दिवशी संत फ्रान्सिस असिसीकर यांचा सण असतो. याच दिवशी १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १५८२ मध्ये याच तारखेच्या रात्री आविलाच्या संत तेरेजा निवर्तल्या. तीन माणसे एका चौकटीत आली, पण एकमेकांशी बोलत नाहीत. गरिबांसाठी वसतिगृह काढताना पत्नीच्या अंगावरील दागिने मोडावे लागलेले भाऊराव आणि दारिद्र्याला आपली सखी मानणारे फ्रान्सिस यांच्यात काही संवाद संभवतो. परंतु तो तारखेमुळे संभवत नाही, त्यांच्या जीवनामुळे संभवतो. जीवनाला तर त्या ओळीत जागाच नाही.

आता या वाङ्मयाच्या चार मुख्य प्रकारांची एकेक परीक्षा करू.

पहिला प्रकार तारखेचा. '१० नोव्हेंबर १६५९ : प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाचा वध' ही ओळ आमच्या भागातील प्रत्येक मुलाला पाठ असते. त्याच मुलाला पुढे असे दिसते की हा दिवस कोणी तारखेने पाळतो, कोणी मार्गशीर्ष शुद्ध सप्तमीला, आणि त्या दोन दिवसांत कधी दोन आठवड्यांचे, कधी महिन्याहून अधिक अंतर पडते. तो गोंधळतो. फळा त्याला मदत करीत नाही. वास्तविक त्या गोंधळातच शिकण्याजोगे सारे आहे. शिवकालीन मराठी कागदांत घटना शके, मास, तिथी आणि वार यांनी नोंदल्या जात. इंग्रजी तारीख नंतरच्या अभ्यासकांनी गणिताने काढलेली आहे आणि ती जुन्या, म्हणजे जूलियन पंचांगाची आहे. पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ मध्ये पंचांग सुधारले तेव्हा ४ ऑक्टोबरच्या दुसऱ्या दिवशी १५ ऑक्टोबर ही तारीख आली. पोर्तुगालने हा बदल तत्काळ स्वीकारला. इंग्लंडने तो १७५२ पर्यंत स्वीकारला नाही. परिणामी १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलाच्या हिशेबाने तो दिवस ६ जूनचा होता, तर गोव्यातील पोर्तुगिजांच्या हिशेबाने १६ जूनचा. तिथी मात्र एकच, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी.

प्रतापगडच्या घटनेचा वार गुरुवार सांगितला जातो. जूलियन पंचांगाने १० नोव्हेंबर १६५९ हा गुरुवारच येतो. तीच तारीख नव्या पंचांगाची मानली तर सोमवार येतो आणि चंद्रही शुद्ध पक्षाचा राहत नाही. म्हणजे आपण १० नोव्हेंबर म्हणतो तो आजच्या पंचांगाने २० नोव्हेंबर होय. सातवीतल्या मुलाला हे गणित समजावून देता येते, आणि ते समजल्यावर त्याला एक मौल्यवान गोष्ट कळते: तारीख ही दगडावर कोरलेली वस्तू नाही, पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष आहे. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात संत तेरेजांविषयी बोलताना एका मुलाने मला विचारले होते, "फादर, मग मधले दहा दिवस गेले कुठे?" त्या एका प्रश्नात शंभर दिनविशेषांइतके शिक्षण होते.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा इतिहास याहून बोलका आहे. बखरींच्या आधारे दीर्घकाळ १६२७ हे साल मानले जात होते. लोकमान्य टिळकांनी १९१६ मध्ये जेधे शकावली प्रसिद्ध केली, तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, अशी नोंद आढळली. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अर्थात तीही जूलियन पंचांगाची. त्यावर विद्वानांचा वाद दीर्घकाळ चालला आणि शेवटी शासनानेही १९ फेब्रुवारी ही तारीख मान्य केली. येथे लक्षात घेण्याजोगे असे की शकावली हा प्रकार स्वतःच दिनविशेषाचा आहे: साल, तिथी, एका ओळीत घटना. ती फळ्यावरच्या ओळीएवढीच आखूड आहे. तरीही इतिहासकार तिला मान देतात, कारण ती कोणत्या घराण्याने जपली, तिच्यातील इतर नोंदी बाहेरच्या कागदांशी कितपत जुळतात, हे तपासता येते. आखूडपणा आणि सत्य यांचे वैर नाही, याचा याहून चांगला पुरावा मला ठाऊक नाही.

दुसरा प्रकार 'पहिल्या'चा. ५ नोव्हेंबरला सांगलीत आणि सर्व महाराष्ट्रात मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. फळ्यावर लिहिले जाते: '१८४३, सांगली, विष्णुदास भावे, सीतास्वयंवर, पहिले मराठी नाटक.' सांगलीकराला या ओळीचा अभिमान वाटतो आणि तो योग्य आहे. तथापि तंजावरच्या भोसले घराण्यातील शहाजी राजांनी १६९० च्या सुमारास 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे मराठी नाटक रचले होते. महात्मा जोतीराव फुले, ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, त्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिले. सामाजिक आशयाचे, स्वतंत्र संवादांचे मराठी नाटक म्हणून अनेक अभ्यासक पहिलेपणाचा मान त्याला देतात. मग पहिले कोणते?

उत्तर असे की 'पहिले' या शब्दाला एकट्याने अर्थ नाही. कशाचे पहिले, हे सांगितल्यावरच तो अर्थवान होतो. तंजावरचे नाटक दरबारी परंपरेतले, महाराष्ट्रातील प्रेक्षकांपासून दूर. फुल्यांचे नाटक त्या काळी रंगमंचावर आले नाही. भाव्यांच्या खेळापासून महाराष्ट्रात नाटक मंडळ्यांची अखंड परंपरा सुरू झाली, हे त्यांचे खरे वैशिष्ट्य. आणि त्या खेळाच्या मुळाशी काय होते? कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी तसे काही मराठीत करण्यास भाव्यांना सांगितले. म्हणजे मराठी रंगभूमीच्या जन्मघटकेला कानडी सुईण हजर होती. सीमाभागातल्या शाळेत हे वाक्य फळ्यावर आले तर मुलांच्या मनातील शेजाऱ्याची प्रतिमा किती पालटेल! परंतु 'पहिले' या शब्दाने ती जागा आधीच व्यापून टाकलेली असते. ज्याच्या आधी कोणीच नव्हते त्याला कोणाचे ऋण मानावे लागत नाही, हा या शब्दातील सूक्ष्म मोह आहे.

तिसरा प्रकार शब्दाचा. या प्रकारात व्युत्पत्ती फार लोकप्रिय आहेत. सांगली म्हणजे सहा गल्ल्यांचे गाव, असे आमच्याकडे लहानांपासून थोरांपर्यंत सर्वजण सांगतात. सातारा म्हणजे किल्ल्याची सतरा दारे-बुरूज, किंवा भोवतालचे सात डोंगर, असेही सांगितले जाते. ऐकायला ही उत्तरे गोड लागतात, म्हणूनच त्यांच्याविषयी सावध राहावे. 'सहा गल्ली'तून 'सांगली' होताना अनुस्वार कोठून आला? त्या सहा गल्ल्या कोणत्या, आणि त्या पडण्यापूर्वी गावाला काय म्हणत? जुन्यात जुन्या कागदात हे नाव कसे लिहिले आहे? हे प्रश्न विचारले नाहीत तोवर ती कथा आहे, व्युत्पत्ती नाही. साताऱ्याच्या बाबतीत तर एकाच नावाच्या दोन-तीन व्युत्पत्ती सुखाने शेजारी नांदतात, यावरूनच त्यांपैकी एकही सिद्ध झालेली नाही असे समजावे.

उलट उदाहरण 'पाव' या शब्दाचे. पायांनी कणीक तुडवतात म्हणून पाव, किंवा चार तुकड्यांतला चौथा तो पाव, अशी स्पष्टीकरणे मी अनेक ठिकाणी ऐकली आहेत. खरे मूळ पोर्तुगीज भाषेत आहे. तेथे भाकरीला 'पाऊं' म्हणतात. येथे पुरावा भक्कम आहे: वस्तू पोर्तुगिजांबरोबर आली, ध्वनी जुळतो, अर्थ जुळतो, आणि चावी, पगार, बटाटा, बालदी, घमेले, अननस असा त्याच वाटेने आलेल्या शब्दांचा मोठा परिवार साक्षीला उभा आहे. खऱ्या व्युत्पत्तीला असे नातेवाईक असतात, खोटी व्युत्पत्ती बहुधा एकटी असते. मुलांना ही एक कसोटी दिली तर ती शंभर शब्दांना पुरेल. शिवाय खरे उत्तर जास्त रंजक आहे. पायाने तुडवलेल्या कणकेची कथा ऐकून मूल हसते आणि विसरते. कामगाराच्या पगारापासून त्याच्या घरातल्या चावीपर्यंतचे शब्द समुद्रापलीकडून आले हे कळल्यावर ते दिवसभर घरातल्या वस्तूंकडे नव्याने पाहत राहते.

चौथा प्रकार सामान्यज्ञानाचा. '११ डिसेंबर १९६७ : कोयनेचा भूकंप.' सातारा जिल्ह्यात ही ओळ म्हणजे केवळ माहिती नाही. त्या पहाटे कोयनानगर परिसरात दीडशेहून अधिक माणसे मेली. ज्यांनी ती पहाट पाहिली असे वृद्ध पाटण खोऱ्यात अजून आहेत. त्या भूकंपाची तीव्रता एका पुस्तकात ६.३ आढळते, दुसऱ्यात ६.६. परीक्षेला बसणारा विद्यार्थी अशा वेळी 'खरे उत्तर कोणते' एवढेच विचारतो. मोजमापाच्या पद्धती निरनिराळ्या असतात म्हणून आकडे निरनिराळे येतात, हे त्याला कोणी सांगत नाही. याहून महत्त्वाचा प्रश्न तर बाजूलाच राहतो: दख्खनच्या ज्या कठीण पठाराला शास्त्रज्ञ स्थिर मानत होते तेथे हा भूकंप झालाच कसा? धरणात पाणी साठू लागल्यानंतर त्या भागात लहान धक्के जाणवू लागले होते. जलाशयाच्या भाराने आणि खडकांच्या भेगांत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने आधीच ताणाखाली असलेले प्रस्तरभंग सरकू शकतात, असे शास्त्रज्ञ मानतात. आणि जलाशयाशी निगडित भूकंपाचे कोयना हे जगातील सर्वांत ठळक उदाहरण समजले जाते. आजही कऱ्हाडजवळ केंद्र शासनाची भूभौतिक संशोधन प्रयोगशाळा याच प्रश्नावर काम करते आहे. तिच्यासाठी गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल विवर खणले गेले, ते २०१७ मध्ये पूर्ण झाले. आपल्याच तालुक्यात जगाचे लक्ष लागलेला एक अनुत्तरित प्रश्न आहे, हे मुलाला कळणे आणि एक तारीख पाठ होणे, यांत केवढे अंतर आहे!

येथे कोणी म्हणेल की फादर, हे सारे ठीक. पण खेड्यातल्या दोन-शिक्षकी शाळेत ग्रंथालय नाही, वेळ नाही, गुरुजींच्या मागे कामांचा ससेमिरा आहे. फळ्यावरची ती एक ओळ हीच त्या मुलाची जगाकडची खिडकी आहे. ती तुम्ही बंद करणार काय? आक्षेप खरा आहे आणि त्याचा मी आदर करतो. दररोज पहाटे उठून, वही चाळून ती ओळ शोधणाऱ्या शिक्षकाविषयी माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्या ओळीमुळे लाजरे मूल चारचौघांत उभे राहून शुद्ध मराठी वाचायला शिकते, हा लाभही लहान नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांचेही तसेच. अभ्यासिकेत दहा-दहा तास बसून एका ओळीची उत्तरे घोकणाऱ्या शेतकऱ्याच्या मुलाला ती ओळ म्हणजे भाकरीचा प्रश्न आहे. त्याला मी ज्ञानमीमांसा शिकवायला जाणार नाही. मी खिडकी बंद करा असे म्हणत नाही. तिला गज आहेत आणि दार नाही, एवढेच म्हणतो.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात जाणून घेण्याच्या इच्छेचे दोन प्रकार वेगळे केले आहेत. एक जिज्ञासेचा सद्गुण, ज्याला ते 'स्टुडिओसितास' म्हणतात. दुसरा कुतूहलाचा दोष, 'कुरिओसितास'. ज्ञान वाईट असे त्यांना मुळीच म्हणायचे नाही. जाणण्याची इच्छा योग्य साध्याकडे वळलेली नसेल, तिला क्रम आणि शिस्त नसेल, तर ती मनाला पोसण्याऐवजी विखरून टाकते, हा त्यांचा आशय. आजच्या काळात हे वाचताना नवल वाटते. सकाळी उठल्याबरोबर हातातल्या यंत्रावर दहा माहित्या येऊन आदळतात आणि दुपारपर्यंत त्यांतील एकही आठवत नाही, ही अवस्था मठातल्या त्या विद्वानाने कागदावर नेमकी मांडून ठेवली आहे. माहितीचा कण जिज्ञासेचे बी होऊ शकतो किंवा कुतूहलाची चटक. ते कणाच्या आकारावर अवलंबून नाही, त्याच्यानंतर प्रश्न उगवतो की नाही यावर आहे.

ख्रिस्तसभेला या प्रकाराचा अनुभव जुना आहे, म्हणून तो येथे नोंदवतो. मठांतून रोज मोठ्याने वाचली जाणारी रोमन हुतात्मावली म्हणजे दिनविशेषच: अमुक दिवशी अमुक नगरात अमुक संताचे निधन. ज्या पोप ग्रेगरींनी पंचांग सुधारले, त्यांच्याच काळात, १५८४ मध्ये, तिची अधिकृत आवृत्ती निघाली. तिच्यात दंतकथाही शिरल्या होत्या. मग सतराव्या शतकात अँटवर्प येथे जॉन बोलांड या येशूसंघीय धर्मगुरूने संतांची चरित्रे तारीखवार, पण मूळ कागद तपासून प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. जानेवारी महिन्याचे पहिले खंड १६४३ मध्ये आले. त्यांचे अनुयायी दानिएल पापेब्रोक यांनी कार्मेल संघाची स्थापना एलिया संदेष्ट्याने केली या समजुतीला पुरावा नाही असे लिहिले. त्यापायी १६९५ मध्ये स्पेनच्या धर्मन्यायालयाने त्या खंडांवर बंदी घातली. ती १७१५ मध्ये उठली; पापेब्रोक त्यापूर्वीच, १७१४ मध्ये, वारले होते. एका ओळीच्या सत्यासाठी एका श्रद्धावान माणसाने वीस वर्षे अपकीर्ती सोसली. त्याने संतांचा मान कमी केला असे आज कोणी म्हणत नाही. हुतात्मावलीही पुढे अनेकदा दुरुस्त झाली. तिची नवी आवृत्ती २००१ मध्ये निघाली. दुरुस्त होण्याची तयारी असणे हेच तिच्या आदराचे कारण आहे.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजानेही या बाबतीत स्वतःकडे पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यातील मराठीच्या स्तुतीच्या मोजक्या ओव्या आपल्या प्रत्येक समारंभात म्हटल्या जातात, स्मरणिकेत छापल्या जातात, भाषादिनी फळ्यावर लिहिल्या जातात. उरलेला ग्रंथ कितीजणांनी उघडला? प्राध्यापक शांताराम बंडेलू यांनी १९५६ मध्ये त्याची देवनागरी आवृत्ती सिद्ध करून लिपीची अडचणही दूर केली होती. एका परदेशी माणसाने ओवीसारखा अस्सल मराठी छंद आत्मसात करून बायबलची कथा येथील श्रोत्यांच्या कानाला रुचेल अशी सांगितली, हा खरा चमत्कार त्या ग्रंथभर पसरलेला आहे. आपण तो चार ओव्यांच्या प्रशस्तिपत्रात गुंडाळून ठेवला. इतरांच्या फळ्यावर टीका करण्यापूर्वी आपल्या स्मरणिका चाळलेल्या बऱ्या.

मग चांगली ओळ कशी असावी? उत्तरासाठी दूर जावे लागत नाही. वाईच्या विश्वकोशाची कोणतीही नोंद काढून पाहावी. तिच्याखाली लिहिणाऱ्याचे नाव असते आणि बहुधा संदर्भग्रंथ दिलेले असतात. 'हे मी म्हणतो, यावरून म्हणतो, तुम्हांला तपासता येईल' असे ती नोंद मुकाट्याने सांगते. हाच धर्म फळ्यावर आणणे अवघड नाही. दिनविशेषाच्या ओळीखाली एक लहान ओळ जोडावी आणि तिचे नाव 'कशावरून?' असे ठेवावे. '१० नोव्हेंबर १६५९, कशावरून? शके, तिथी आणि वार यांवरून गणिताने.' 'पहिले मराठी नाटक, कशाचे पहिले? महाराष्ट्रातील अखंड नाट्यपरंपरेचे.' 'पाव, कशावरून? पोर्तुगीज भाषेतील शब्दावरून, सोबती चावी आणि पगार.' ज्या दिवशी शिक्षकांना उत्तर सापडणार नाही त्या दिवशी फळ्यावर तसेच लिहावे: 'सांगली हे नाव कशावरून पडले? अजून शोधायचे आहे.' मुलांना याहून मोठी प्रतिष्ठा कोणती द्यावी?

ओळींची संख्याही कमी व्हावी. २७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस मराठी भाषा गौरव दिन आहे आणि १ मे हा मराठी राजभाषा दिन. या दोहोंची गल्लत फलकांवर आणि भाषणांत दरवर्षी होते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिल्यामुळे आता तिसरी तारीख आली आहे. तारखा वाढत जातील. रोज पाच घटना सांगण्यापेक्षा आठवड्याला एकच घटना घेऊन पाच दिवस तिच्याशी राहिले, सोमवारी घटना, मंगळवारी तिचे कारण, बुधवारी तिचा पुरावा, गुरुवारी तिच्याविषयीचा वाद आणि शुक्रवारी मुलांचे प्रश्न, तर तेवढ्याच वेळात तेवढ्याच फळ्यावर इतिहास नावाची गोष्ट उभी राहील.

लहान असत्यांविषयी आपण उदार असतो. व्युत्पत्ती चुकली, तारीख दहा दिवसांनी हलली, कोणाचे काय बिघडले, असे म्हणतो. पण ज्या मुलाने सात-आठ वर्षे रोज सकाळी 'कशावरून' न विचारता माहिती ऐकली आणि म्हटली, ते मोठे झाल्यावर कोणा समाजाविषयी, कोणा धर्माविषयी, कोणा शेजाऱ्याविषयी कोणी खात्रीने सांगितलेली एक ओळही तशीच ऐकेल आणि तशीच पुढे म्हणेल. त्या दिवशी चूक दहा दिवसांची नसेल. म्हणून फळ्यावरच्या चार ओळींची चिकित्सा मला क्षुल्लक वाटत नाही. शाळा पुन्हा भरेल, फळा पुसलेला असेल आणि कोणी तरी खडू हातात घेईल. त्याने तारखेखाली 'कशावरून?' हा एक शब्द लिहावा, एवढीच या लेखाची मागणी आहे.